पाळी जाण्याच्या वयातली झोपमोड: आधी जाग कशाने येते ते शोधा

बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र, असं आपल्याकडे म्हणतात, आणि इंदूरकरांना त्याचा भारी अभिमान. मे महिन्यात दिवसभर तापलेली गच्चीसुद्धा मध्यरात्रीनंतर गार पडते. पण ऐन जानेवारीत रात्री दोनला रजई भिरकावून पंखा लावणाऱ्या पंचेचाळिशीतल्या बाईला या गार रात्रीचा काय उपयोग? शेजारी नवरा कुडकुडत "अगं, बंद कर ना तो" म्हणत असतो, आणि हिच्या मानेवरून घामाचे ओघळ.

भिशीत नाहीतर महिला मंडळात हा विषय निघाला की दोनच उत्तरं कानावर येतात. एक, "या वयात हे व्हायचंच." दुसरं, "मी अमकी गोळी घेते, अर्धी घेऊन बघ." दोन्ही उत्तरांनी नुकसान होतं. पाळी जाण्याच्या काळात झोप चार-पाच वेगवेगळ्या कारणांनी मोडते आणि प्रत्येकाचा इलाज निराळा असतो. घोरताना श्वास अडून जागं होणाऱ्या बाईला झोपेची गोळी दिली तर त्रास वाढू शकतो. म्हणून पुढे जे लिहिलंय त्याचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: जाग कशाने येते ते आधी ठरवा, उपाय मागून.

शरीरात काय चाललेलं असतं

सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं धरतात. भारतात याचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे, पाश्चात्त्य देशांत ५१. त्याआधीची काही वर्षं पाळी उलटसुलट होते, आणि झोपेचा त्रास बहुधा तिथेच सुरू होतो. "माझी पाळी अजून चालू आहे, म्हणजे हे ते नसणार" असं म्हणून पुष्कळ जणी दोन-तीन वर्षं नुसती काढतात.

इस्ट्रोजेन खाली-वर व्हायला लागलं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं. एरवी अंगाचं तापमान थोडं वाढलं तर शरीर ते खपवून घेतं. आता तेवढ्यानेच ते घाबरल्यासारखं सगळी उष्णता बाहेर टाकायला लागतं: चेहरा-छाती तापते, धडधडतं, घाम फुटतो, आणि काही मिनिटांत हुडहुडी भरते. हाच हॉट फ्लॅश. काही जणींना तो वर्षभर छळतो, पण सरासरी बघितली तर सात वर्षांच्या घरात जाते. म्हणजे "थोडे दिवस कळ काढ" हा सल्ला किती पोकळ आहे बघा.

दुसरं हार्मोन प्रोजेस्टेरॉन. त्यापासून शरीरात एक असा पदार्थ बनतो जो मेंदूला शांत करतो. ते कमी झालं की झोप उथळ होते, भांडं वाजलं तरी डोळा उघडतो. त्यात वयानुसार झोप हलकी होतेच, आणि याच वयात सासूबाईंचं आजारपण, मुलांच्या परीक्षा आणि नोकरीतली जबाबदारी एकदम येतात. सगळा दोष हार्मोन्सच्या माथी मारू नये, तसा सगळा "टेन्शन"च्याही नाही.

पहिली पायरी: दोन आठवड्यांची वही

एक साधी वही घ्या. मोबाइलमधलं ॲप नको, घड्याळातला झोपेचा आलेख तर नकोच. तो बघून काळजी वाढते. सकाळी चहाच्या वेळी अंदाजाने लिहायचं, रात्री उठून घड्याळ बघायचं नाही. एक नोंद अशी दिसेल:

"मंगळवार. १०.३० ला आडवी झाले. ११.१५ ला झोप लागली असावी. जाग: एकदा घामाने, गाऊन बदलला, एकदा लघवीला. पहाटे ४ नंतर झोप नाही, भाचीच्या लग्नाचे विचार. ५.३० ला उठले, नळ. दुपारी पाऊण तास झोपले. चहा ४ वेळा, शेवटचा ६.३० ला. पाळी: २ महिने नाही."

एवढं पुरे. शेवटी दोन आकडे काढा: अंथरुणात एकूण किती तास आणि त्यातली खरी झोप किती. हे दोन आकडे पुढे लागणार आहेत. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री त्रास आणि असं तीन महिन्यांहून जास्त चाललं असेल, तर तो जुनाट निद्रानाश. तो आपोआप जाईल अशी वाट बघू नये.

दुसरी पायरी: वही वाचा

"घाम", "गरम", "गाऊन बदलला" हे शब्द वारंवार दिसले तर मामला हॉट फ्लॅशचा. मात्र रात्रीच्या घामासोबत बारीक ताप, वजन उतरणं किंवा लांबलेला खोकला असेल तर आधी क्षयाची तपासणी करा. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर उतरूनही पहाटे घाम फुटतो. थायरॉइड वाढलं तरी हाच नकाशा दिसतो.

लघवीला दोन-तीनदा उठावं लागत असेल तर दोन शक्यता. एक साखर, ती तपासून घ्या. दुसरी, इस्ट्रोजेन कमी झाल्याने योनी आणि मूत्रमार्गाचं अस्तर पातळ आणि कोरडं होणं. यात जळजळ होते, संबंधांच्या वेळी दुखतं, वारंवार युरिन इन्फेक्शन होतं. बायका हे डॉक्टरलाही सांगत नाहीत. यावर योनीत लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम मिळतं, ते रक्तात फारच थोडं उतरतं आणि चांगला गुण देतं. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर मात्र तेही कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारूनच.

संध्याकाळनंतर पाय चाळवतात, पिंडऱ्यांत वळवळतं, हलवल्याशिवाय चैन पडत नाही, असं असेल तर रक्तातलं फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, तपासा. पाळी जाण्याआधीच्या वर्षांत कित्येकींना अंगावरून फार जातं आणि लोहाचा साठा रिकामा होतो. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन कमी असू शकतं. पायांच्या या त्रासात ते ७५ च्या खाली असलं तर डॉक्टर लोह सुरू करतात. लोहाच्या गोळीबरोबर चहा घेतलात तर गोळी वाया गेली असं समजा.

घोरण्याबद्दल घरच्यांना विचारा. पाळी गेल्यावर झोपेत श्वास अडण्याचा, म्हणजे स्लीप ॲप्नियाचा, धोका दोन-तीन पटीने वाढतो. पुरुषांसारखं गडगडाटी घोरणं बायकांत नसतंही. सकाळी डोकं दुखणं, तोंड कोरडं पडणं, आठ तास झोपूनही मरगळ, आणि बीपी औषधांनी आटोक्यात न येणं, या खुणा. याला स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी, लागते. ती आता घरीही करता येते.

आणि यातलं काहीच नाही, नुसतं डोकं चालू राहतं? मग तुमचं मुख्य औषध चौथ्या पायरीत आहे. बहुतेक वह्यांत दोन कारणं एकत्र सापडतात: आधी उकाड्याने जाग येते, आणि मग विचार झोपू देत नाहीत.

तिसरी पायरी: खोली आणि संध्याकाळ

खोली गार ठेवल्याने हॉट फ्लॅशची संख्या कमी होते असं नाही, हे आधीच सांगते. फायदा एवढाच की येऊन गेल्यावर परत डोळा लवकर लागतो. तोही काही कमी नाही.

आपल्याकडच्या कोरड्या एप्रिल-मेमध्ये कूलर उत्तम काम करतो, फक्त खिडकी उघडी हवी. जूनअखेर पाऊस सुरू झाला की त्याच कूलरने खोली दमट होते, घाम वाळत नाही आणि जीव नकोसा होतो. तेव्हा कूलरचं पाणी बंद करून नुसता पंखा, किंवा एसी २४-२५ वर. पांघरूण एक जाड घेण्यापेक्षा दोन-तीन पातळ घ्यावीत: खाली मलमलची चादर, वर जुन्या लुगड्याची गोधडी, पायाशी रजई. घाम आला की वरचं ढकलायचं, हुडहुडी भरली की ओढायचं. नवरा-बायकोची पांघरुणं वेगळी करा, निम्मी भांडणं तिथेच मिटतील. सॅटिनचे गाऊन कपाटात ठेवा. सुती, सैल, आणि बदलायचा दुसरा गाऊन उशाशी, म्हणजे दिवा लावून कपाट उचकावं लागत नाही.

चहाचं बोलायला हवं, कारण इंदुरात पाहुण्याला "चहा नको" म्हणणं हा अपमान धरतात. कॅफीनचा निम्मा अंश शरीरातून जायला पाच-सहा तास लागतात. साडेसहाच्या चहातलं निम्मं कॅफीन रात्री साडेअकरा-बारालाही तुमच्या अंगात असतं. दुपारी दोननंतर चहा-कॉफी बंद करून बघा. आग्रह झाला तर अर्धा कप हातात धरून बसा.

जेवण झोपण्याच्या तीन तास आधी, हा नियम सगळीकडे छापलेला असतो. ज्या गावात सराफ्यातली खाऊगल्ली रात्री नऊनंतर रंगात येते, तिथे तो पाळणं अवघडच. भुट्ट्याचा कीस, गराडू, वर जिरावण मसाला, आणि साडेअकराला घरी. रोज कोणी जात नाही, मान्य. पण वहीत बघा: तिखट खाल्लेल्या रात्री उकाडा वाढलाय का? काही जणींना तिखटाने झटका येतो, काहींना अजिबात नाही. तुमच्या वहीत संबंध दिसत नसेल तर उगाच शेव सोडू नका. दारूचं मात्र नक्की: सुरुवातीला गुंगी येते आणि उत्तररात्री झोप तुटते.

सकाळी उजेडात अर्धा तास चालणं, मग ते रेसिडेन्सीच्या झाडांखाली असो की कॉलनीच्या बागेत, शरीराच्या घड्याळाला वेळ सांगतं. वजन जास्त असेल तर थोडं उतरवल्यानेही हॉट फ्लॅश कमी होतात. प्राणायामाने मन निवतं, तो जरूर करा. पण त्याने हॉट फ्लॅश जातात असं अभ्यासांत ठामपणे दिसलेलं नाही, तेव्हा नाही गेले तर "माझंच चुकतंय" असं वाटून घेऊ नका.

चौथी पायरी: अंथरुणाचा नियम

जुनाट निद्रानाशावर जगभर पहिला उपाय म्हणून गोळी सांगत नाहीत. वागण्यात आणि विचारांत बदल करणारी एक उपचारपद्धती सांगतात, तिला सीबीटी-आय म्हणतात. रजोनिवृत्तीतल्या निद्रानाशातही ती उपयोगी ठरली आहे. जमल्यास मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञाच्या मदतीने करावी, पण तिचा गाभा घरी सुरू करता येतो.

उठण्याची वेळ एकच ठरवा, रविवारीसुद्धा. इथे आपल्याकडची एक अडचण आहे. नर्मदेचं पाणी बहुतेक भागांत एक दिवसाआड येतं. ज्यांचे नळ पहाटे येतात त्या बायका एक दिवस पाचला उठतात आणि दुसऱ्या दिवशी झोप भरून काढायला सातपर्यंत लोळतात. शरीराला दर दिवसाआड घड्याळ बदलल्यासारखं होतं. एकतर रोज पाच-साडेपाचला उठा, किंवा मोटर चालू करण्याचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या. हे दुसरं जास्त बरं.

मग वहीतले ते दोन आकडे. समजा तुम्ही दहा ते साडेसहा अंथरुणात असता, म्हणजे साडेआठ तास, आणि झोप होते साडेपाच. उरलेले तीन तास अंथरूण म्हणजे तळमळायची जागा हे मेंदू शिकत असतो. तेव्हा काही आठवडे अंथरुणातला वेळ सहा तासांवर आणा: रात्री बाराला आडवं व्हायचं, सहाला उठायचं. साडेपाच तासांच्या खाली कधीच उतरू नका. पहिला आठवडा वाईट जातो. दुपारी डोळे मिटायला लागतात, चिडचिड होते. पण झोपेची भूक साठते आणि सलग झोप लागायला लागते. अंथरुणातल्या वेळापैकी ८५ टक्क्यांहून जास्त वेळ झोप होऊ लागली की दर आठवड्याला पंधरा मिनिटं आधी आडवं व्हा. फिट्स येतात, बायपोलर आजार आहे, ॲप्नियाची शंका आहे, किंवा रोज लांबवर गाडी चालवायची आहे, अशांनी हा प्रयोग डॉक्टरांशिवाय करू नये.

तिसरा भाग रात्रीच्या जागेचा. अंदाजे वीस मिनिटं झोप आली नाही, किंवा चरफड सुरू झाली, की उठा. घड्याळ आधीच भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं असावं. बाहेरच्या खोलीत मंद दिव्यात बसा आणि कंटाळवाणं, हाताचं काम करा. वाती वळणं यासाठी फार नामी आहे. कापूस, चिमूटभर राख, मांडीवर ताट. बोटं चालतात, डोकं थांबतं, आणि डोळे जड झाले की काम अर्धवट टाकून जाता येतं. लसूण सोलत बसू नका, वासाने घर जागं होतं. मोबाइल तर मुळीच नको. व्हॉट्सॲपवर रात्री तीनला आणखी कोण ऑनलाइन आहे हे बघण्यात पहाट होते.

पाचवी पायरी: डॉक्टरांकडे काय बोलायचं

वही घेऊन जा. स्त्रीरोगतज्ज्ञाला "झोप येत नाही" एवढंच सांगितलं तर चिठ्ठीवर झोपेची गोळी येण्याचा संभव जास्त. "आठवड्यातून पाच रात्री, रात्रीतून तीनदा घामाने जाग येते" असं सांगितलं की बोलणं वेगळ्या वाटेने जातं. खासगीत परवडत नसेल तर एमवाय या सरकारी रुग्णालयाची स्त्रीरोग ओपीडी आहे. सकाळी लवकर जावं लागतं, गर्दीची तयारी ठेवा.

रक्तात टीएसएच (थायरॉइडसाठी), हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि एचबीएवनसी (साखरेसाठी) या तपासण्या कामाच्या. पंचेचाळिशीनंतर एफएसएच वगैरे हार्मोन तपासण्यांची बहुधा गरज नसते, ते आकडे आठवड्याआठवड्याला बदलतात. पंचेचाळिशीआधी पाळी गेली तर मात्र तपासणी हवीच, आणि चाळिशीच्या आत गेली तर अजिबात हयगय नको. गर्भाशय काढलेल्या बायकांना पाळीचा दाखला मिळत नाही, त्यांनी लक्षणांवरच भिस्त ठेवावी. बीजकोशही काढले असतील तर त्रास एकदम आणि जोराने येतो.

हार्मोन थेरपीचं, म्हणजे कमी पडलेली हार्मोन्स औषधातून देण्याचं, नाव काढलं की "कॅन्सर होतो" हे वाक्य येतं. ही भीती २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाच्या बातम्यांनी पसरली. त्यात भाग घेतलेल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्या. पुढे त्याच आकड्यांचा वयानुसार अभ्यास झाला तेव्हा चित्र बदललं. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केली, आणि मनाई करणारा आजार नसेल, तर बहुतेकींना तोट्यापेक्षा फायदा जास्त. हॉट फ्लॅशवर याहून गुणकारी औषध दुसरं नाही. धोका शून्य नाही. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन (प्रोजेस्टेरॉन किंवा त्यासारखं औषध) एकत्र काही वर्षं घेतल्यास स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण वाढतं, पण ती वाढ दर हजार बायकांमागे वर्षाला एका रुग्णाहूनही कमी आहे.

गर्भाशय असेल तर नुसतं इस्ट्रोजेन कधीही नाही, सोबत प्रोजेस्टेरॉन हवंच, नाहीतर अस्तर वाढून कर्करोगाची भीती. यातली एक गोष्ट झोपेच्या दृष्टीने सोन्यासारखी आहे: मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन तोंडाने घेतलं की गुंगी येते, म्हणून ते रात्रीच घ्यायला सांगतात. इस्ट्रोजेन गोळीऐवजी त्वचेवर लावायच्या जेलमधून घेतलं तर रक्ताच्या गुठळीचा धोका वाढत नाही. बीपी किंवा वजन जास्त असणाऱ्यांनी हा पर्याय मुद्दाम विचारावा. स्तनाचा कर्करोग, पायात किंवा फुप्फुसात गुठळी, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका, यकृताचा चालू आजार, किंवा कारण न कळलेला रक्तस्राव, यांत हार्मोन थेरपी देत नाहीत. त्यांच्यासाठी गॅबापेंटिन रात्री, किंवा नैराश्यावरची काही औषधं थोड्या मात्रेत देतात, त्यांनीही हॉट फ्लॅश कमी होतात. स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमॉक्सिफेन चालू असेल तर नैराश्यावरच्या औषधांतलं पॅरॉक्सेटिन चालत नाही, हे स्वतःहून आठवण करून द्या.

औषधाचा फरक दोन-चार आठवड्यांत जाणवू लागतो, पूर्ण अंदाज यायला तीन महिने लागतात. तेव्हा पुन्हा दाखवा, नंतर वर्षातून एकदा.

गोळ्या, काढे आणि सोयाबीन

भिशीत हातोहात फिरणारी ती अर्धी गोळी बहुधा अल्प्राझोलाम असते. कायद्याने ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाही आणि दुकानदाराला नोंदवहीत नोंद करावी लागते. काही आठवड्यांतच शरीराला सवय लागते. रात्री बाथरूमला जाताना तोल जातो, आणि याच वयात हाडं ठिसूळ होत असतात. पण बरीच वर्षं घेत असाल तर एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते. डॉक्टरांना सांगून हळूहळू उतरवा.

जायफळ घातलेलं दूध चिमूटभर जायफळापर्यंत ठीक, चमचाभर जायफळ विषासारखं वागतं. अश्वगंधेने काहींच्या यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत आणि थायरॉइडच्या गोळीत ती ढवळाढवळ करते. शतावरी इस्ट्रोजेनसारखी वागू शकते, तेव्हा स्तनाचा कर्करोग झालेल्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. सोयाबीनचं तर इंदूर माहेरच, देशपातळीवरची संशोधन संस्था इथे आहे. सोयामधल्या आयसोफ्लेव्होनने हॉट फ्लॅश थोडे कमी होतात असं काही अभ्यास म्हणतात, काही नाही म्हणतात. प्रथिनं म्हणून सोयाची भाजी, पीठ खुशाल खा, पण औषध समजून महागड्या कॅप्सूलना पैसे घालू नका.

ज्यांसाठी थांबू नये अशा गोष्टी

बारा महिने पाळी नव्हती आणि मग एक ठिपका जरी दिसला, तर त्या आठवड्यातच दाखवा. सोनोग्राफीत अस्तराची जाडी बघतात. छातीत दाब, धाप, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल तर ते हॉट फ्लॅश म्हणून अंगावर काढू नका. गर्भधारणेची शक्यता लगेच संपत नाही: पन्नाशीच्या आत पाळी गेली तर दोन वर्षं, पन्नाशीनंतर एक वर्ष काळजी घ्यायची.

या काळात नैराश्य येण्याचा संभवही वाढतो. पहाटे तीनला जाग येऊन रडू येणं, कशात रस न उरणं, जगून काय करायचं असं वाटणं, याला झोपेचा त्रास म्हणून झाकू नका. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, आणि हिंदी-मराठी दोन्हींत बोलता येतं.

घरात एकदा स्पष्ट सांगून टाका की डॉक्टरांनी अमुक सांगितलंय, पुढचे दोन महिने रात्री सासूबाईंना औषध नवऱ्याने द्यावं, दार उघडायला मुलाने स्वतःची किल्ली न्यावी, आणि मी बाहेरच्या खोलीत झोपले तर त्याचा अर्थ भांडण झालंय असा नाही.